शेवटचं पाणी कुणासाठी? बिअरच्या चोथ्याचा साडेचारशे वर्षांचा हिशेब

घरी बिअर करणारा माणूस, मग तो लंडनचा असो की अमेरिकेतल्या एखाद्या गावचा, एका प्रश्नापाशी हमखास अडतो. मोड आणून वाळवलेला सातू म्हणजे माल्ट. ते भरडून गरम पाण्यात तासभर ठेवलं, पिष्टाची साखर झाली, गोड रस खाली काढून घेतला. आता भांड्यात ओला चोथा उरला आणि त्यात बरीच साखर अजून अडकलेली आहे. ती धुऊन काढायला वरून गरम पाणी सोडायचं, त्याला स्पार्ज म्हणतात. पण किती सोडायचं?

आपल्या मंडळाच्या लेखांत किल्ले, सनदा, वाडे, देवस्थानं यांची सवय असलेल्यांना हा विषय परका वाटेल. तरी मी तो घेतलाय, याला दोन कारणं. १८१८ मध्ये मन्रोच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे इथे कॅम्प वसला. हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींसाठी ईस्ट इंडिया कंपनी विलायतेहून पोर्टर बिअरची पिंपं मागवत असे. तेव्हा छावणीचा इतिहास लिहिणाऱ्याला या पेयाची अगदीच फारकत घेता येत नाही. दुसरं कारण माझ्या धंद्याचं. साखर कारखान्यात गिरणीवर उभं राहून मी वर्षानुवर्षं हाच प्रश्न सोडवला, फक्त समोर सातूऐवजी उसाचं चिपाड होतं. बगॅसवर किती पाणी मारायचं, यावर प्रत्येक हंगामात गिरणीवाले आणि बॉयलरवाले यांची जुंपते. कमी मारलं तर साखर चिपाडाबरोबर भट्टीत जाते. जास्त मारलं तर रस पातळ होतो आणि ते पाणी पुन्हा आटवायला वाफ जाते. गिरणीवाला साखरेचा टक्का दाखवतो, बॉयलरवाला वाफेचा, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून बिअरच्या जुन्या पुस्तकांत हा वाद दिसला तेव्हा मला तो लगेच ओळखीचा वाटला.

आधी जुनी पद्धत बघू. विल्यम हॅरिसन हा इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या रॅडविंटर गावचा पाद्री. त्याने इंग्लंडचं वर्णन करणारं पुस्तक लिहिलं. ते १५७७ मध्ये छापलं गेलं आणि १५८७ मध्ये वाढवून पुन्हा निघालं. त्यात त्याची बायको घरी बिअर कशी करते ते त्याने मापांसकट नोंदवलंय. आठ बुशेल माल्ट, त्यात अर्धा बुशेल गहू आणि तेवढेच ओट. पहिलं पाणी ८० गॅलन, म्हणजे आजच्या मापात साडेतीनशे लिटरच्या आसपास. ते उकळून हलक्या हाताने माल्टवर ओतायचं, ढवळायचं नाही, मुरू द्यायचं. दुसरं पाणी उकळीला येत आलं की पहिला रस काढून घ्यायचा आणि मग त्याच माल्टवर दुसरं ओतायचं. सगळं मिळून २०० गॅलन बिअर होते आणि खर्च २० शिलिंग येतो, असा घरगुती हिशेबही त्याने दिलाय. पाद्र्याच्या घरचा हा जमाखर्च इतिहासाच्या दृष्टीने एखाद्या सनदेइतकाच बोलका आहे.

ज्यांच्या घरी नारळाचं दूध काढतात त्यांना ही रीत समजावून सांगायची गरज नाही. पहिलं दूध दाट, ते बाजूला. मग त्याच चोथ्यात पाणी घालून दुसरं, मग तिसरं. पातळ दुधात भाजी शिजवायची, दाट दूध शेवटी घालायचं. दुसऱ्या दुधाला कोणी वाया गेलेलं म्हणत नाही, त्याचं काम वेगळं असतं एवढंच. इंग्लंडमध्येही तसंच होतं. पहिल्या रसाची बिअर कडक, सणासुदीची, टिकाऊ, मोठ्या घरात वर्षभर मुरवलेली. शेवटच्या पाण्याची ती स्मॉल बिअर: पातळ, स्वस्त, चार दिवसांत संपवायची. नोकरचाकर, शेतमजूर, बायका, पोरं रोजच्या जेवणाबरोबर हीच पीत. जर्मनीतही अशी शेवटच्या पाण्याची पातळ बिअर असे, तिला कोफेंट म्हणत. हा शब्द मठ या अर्थाच्या शब्दावरून आलाय.

या व्यवस्थेत किती पाणी हा प्रश्न फार टोचत नव्हता. पाणी जास्त झालं तर शेवटची बिअर आणखी पातळ झाली, इतकंच. कडक बिअरला धक्का लागत नव्हता, कारण ती आधीच वेगळी काढून ठेवलेली. चूक झाली तर ती शेवटच्या पिंपात जायची आणि ते पिंप ज्यांच्या वाट्याला यायचं त्यांना कोणी विचारत नव्हतं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये पोर्टर आली आणि ही वाटणी मोडायला लागली. पोर्टरला एन्टायर असंही नाव होतं. एन्टायर म्हणजे अख्खी: एका माल्टमधून निघालेले सगळे रस एकत्र करून केलेली एकच बिअर. आता पहिलं पाणी आणि तिसरं पाणी एकाच पिंपात. त्यामुळे तिसरं पाणी किती, हा प्रश्न थेट मालाच्या ताकदीशी भिडला. आणि ताकद मोजायला हातात काय होतं? जीभ आणि चिकटपणा. आपल्याकडे गुळव्या पाकाचा थेंब बोटांत धरून सांगतो, त्याच जातीचं ज्ञान. ते खोटं नव्हतं. पण एका ब्रुअरीतून दुसऱ्या ब्रुअरीत आकड्यांनी नेता येत नव्हतं.

आकडे आले ते पुढच्या पन्नास-साठ वर्षांत. मायकेल कॉम्ब्रून या लंडनच्या ब्रुअरने १७६२ च्या आपल्या ग्रंथात तापमापकाचा वापर पद्धतशीर मांडला. १७८४ मध्ये हल गावच्या जॉन रिचर्डसनने सॅकरोमीटरवर पुस्तक लिहिलं. सॅकरोमीटर म्हणजे रसात तरंगणारी, रस पाण्यापेक्षा किती जड आहे ते दाखवणारी नळी. आमच्या कारखान्यात ब्रिक्स बघायला वापरतात त्याचीच ही आजी. या नळीने ब्रुअरांची झोप उडवली. पोर्टरसाठी वापरला जाणारा तपकिरी माल्ट स्वस्त म्हणून घेत होते, पण नळी सांगत होती की महाग फिक्या माल्टमधून साखर इतकी जास्त निघते की हिशेबाने तोच स्वस्त पडतो. पोर्टरमधला माल्ट त्यानंतर बदलत गेला. तीच नळी शेवटच्या पाण्यात बुडवली की कळायचं, चोथ्यात अजून काय शिल्लक आहे.

आता स्कॉटलंड. तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वेगळीच पद्धत रुळत होती. पुन्हा पुन्हा चोथा भिजवून रस काढण्याऐवजी एकदाच भिजवायचं, मग खालून रस हळूहळू सोडत वरून गरम पाण्याचा तुषार धरायचा. स्पार्ज हा शब्दच शिंपडणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलाय. डब्ल्यू. एच. रॉबर्ट्स याच्या १८३७ च्या स्कॉटिश एलवरच्या पुस्तकाने ही रीत सीमेपलीकडे पोचवायला हात लावला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रज ब्रुअरांनीही ती घेतली. तांब्याच्या भोकं पाडलेल्या नळ्या, पाण्याच्या जोराने आपोआप गोल फिरणाऱ्या. बागेत फिरणारा तुषार डोळ्यांसमोर आणा, तेच यंत्र.

स्कॉट लोकांच्या या रीतीत शहाणपण काय होतं, ते आकड्यांत मांडता येतं. घरगुती मापाने करू. माल्ट साडेचार किलो. भिजवायला साडेतेरा लिटर पाणी, म्हणजे किलोला तीन लिटर. चोथा किलोमागे साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतो, म्हणजे साडेचार लिटर अडकले आणि नऊ लिटर रस हाती आला. शेवटी २० लिटर बिअर हवी. तासभर उकळताना तीन लिटर वाफ होऊन जातील, तळाच्या गाळात दोन जातील. म्हणजे उकळायला २५ लिटर रस पाहिजे. नऊ आहेत, सोळा कमी पडतात. झालं: वरून सोडायचं पाणी सोळा लिटर. भांड्याच्या तळाशी, तोटीखाली काही रस अडकत असेल तर तेवढं वाढवा. प्रश्नाचं पहिलं उत्तर एवढं सोपं आहे: हवा तेवढा रस, वजा हाती आलेला रस.

पण हे सोळा लिटर कसे सोडायचे, यात खरी गंमत आहे. साखर पाण्यात नीट मिसळते असं धरून मोकळा हिशेब करू. भिजवायचं आणि धुवायचं मिळून साडेएकोणतीस लिटर एकदमच ओतले आणि एकदाच रस काढला, तर साखरेतली सुमारे ८५ टक्के हाती येते. आधी साडेतेरा, रस काढून मग सोळा, असं केलं तर ९३. तेच सोळा लिटर आठ-आठ असे दोनदा ओतले, तर ९६. पाणी तितकंच, फक्त तुकडे केले. घरात कपडे खळबळणाऱ्या कुणालाही विचारा: एका भरल्या बादलीपेक्षा दोन अर्ध्या बादल्यांत साबण जास्त निघतो. आणि पाण्याचे तुकडे करत करत अगदी थेंबापर्यंत गेलात की तो स्कॉटिश तुषार झाला. कागदावर तो ९९ टक्क्यांपर्यंत पोचतो. प्रत्यक्षात नाही, कारण पाणी चोथ्यात सोपी वाट शोधतं आणि बाकीचा भाग कोरडाच सोडतं. म्हणून तुषार हळू धरायचा, चोथा उघडा पडू द्यायचा नाही.

हॅरिसनच्या घरातली तीन पाण्यांची रीत आणि स्कॉटलंडचा तुषार या दोन वेगळ्या युक्त्या वाटतात, पण गणितात त्या एकाच पायरीवरच्या वरच्या-खालच्या. साखर कारखान्यात आम्ही याच्याही एक पाऊल पुढे जातो. शुद्ध पाणी फक्त शेवटच्या गिरणीच्या आधी मारायचं आणि त्या गिरणीतून निघालेला पातळ रस मागच्या गिरणीच्या चिपाडावर. ब्रुअरांनाही ही अक्कल होती. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या मोठ्या ब्रुअऱ्यांत शेवटचा पातळ रस साठवून दुसऱ्या घाणीला भिजवायचं पाणी म्हणून वापरत. रिटर्न वर्ट त्याचं नाव. दोन वेगळ्या धंद्यांनी, दोन वेगळ्या खंडांत, पातळ रसाचं तेच केलं.

मग शेवटचा थेंबही काढावा का? इथे दोन गोष्टी आड येतात. एक चव. चहाचा चोथा दुसऱ्यांदा उकळला की चहा होतो, पण तुरट. सातूच्या टरफलाचं तसंच आहे. रस पातळ झाला, त्यातली आम्लता उतरून पीएच सहाच्या वर गेला आणि पाणी ७७ अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेलं असलं, की टरफलातला तुरटपणा उतरायला लागतो. म्हणून खालून येणाऱ्या रसाची घनता १.०१० च्या आसपास उतरली की थांबावं, असा दंडक आहे. उकळायच्या भांड्यात तरी रस कमी पडला, तर सरळ साधं पाणी तिथेच ओतावं. चोथ्यातून फिरवून आणलेल्या पाण्यापेक्षा ते बरं.

दुसरी आड येते ती चूल. वरच्या हिशेबात सोळाच्या जागी एकदम बावीस लिटर सोडले, तर साखर जेमतेम पावणेदोन टक्के जास्त निघते. माल्टच्या भाषेत ऐंशीएक ग्रॅम. आणि ते सहा लिटर वाढीव पाणी आटवायला, तासाला तीनच्या हिशेबाने, आणखी दोन तास गॅस. ऐंशी ग्रॅम सातूसाठी दोन तास गॅस कोण जाळेल? पण रोज दहा टन माल्ट भिजवणाऱ्या ब्रुअरीत तेच पावणेदोन टक्के म्हणजे पावणेदोनशे किलो माल्ट, दररोज. तिथे मालक जागचा उठतो. आपल्या गुऱ्हाळात चिपाडावर कोणी पाणी मारत नाही आणि शेजारच्या कारखान्यात मात्र तंतूच्या दुप्पट-अडीचपट मारतात. ऊस तोच, चुलीचं आणि धंद्याचं माप वेगळं.

एकोणिसाव्या शतकातल्या मालकाला उठवणारं आणखी एक कारण होतं: कर. ब्रिटनमध्ये माल्टवर १६९७ पासून कर होता. १७२५ मध्ये तो स्कॉटलंडवर लादला तेव्हा ग्लासगोत दंगल झाली होती. १८३० मध्ये बिअरवरचा कर उठला, माल्टवरचा राहिला. म्हणजे १८३० नंतर माल्टच्या प्रत्येक दाण्याचा कर आत येतानाच भरलेला, त्यातून बिअर कितीही काढा. चोथ्यात राहिलेली साखर म्हणजे कर भरून फेकलेली साखर. याच दशकांत तुषाराची रीत इंग्लंडभर पसरली. मी याला निव्वळ योगायोग मानायला तयार नाही. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढला आणि तो तयार होणाऱ्या रसावर, त्याच्या घनतेवर बसवला. १.०५७ घनतेच्या ३६ गॅलनला ६ शिलिंग ३ पेन्स. सॅकरोमीटर आता ब्रुअरच्या खिशातून कर अधिकाऱ्याच्या खिशात गेला. त्याच कायद्याने घरी बिअर करणाऱ्यांनाही परवाना लागू झाला. तो ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये रद्द झाला आणि अमेरिकेत घरच्या बिअरला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली ती १९७८ च्या कायद्याने. आजचे घरगुती ब्रुअर त्यानंतरचे. आपल्याकडे, कर्नाटकात काय किंवा महाराष्ट्रात काय, परवान्याशिवाय हे करता येत नाही, तेव्हा वाचकांनी वरचा हिशेब हिशेब म्हणूनच वाचावा.

या सगळ्यात स्मॉल बिअरचं काय झालं? तुषाराने शेवटचा गोडवाही एकाच मोठ्या रसात ओढून घेतला. जे काही हजारो घरांत वेगळ्या पिंपात जात होतं, ते विक्रीच्या मालात मिसळलं, आणि मागे राहिला तो खरोखरचा निःसत्त्व चोथा, गुरांच्या गव्हाणीत जाणारा. चहा स्वस्त होत होता, घरी बिअर करणं कमी होत होतं, हीही कारणं आहेतच. पण यंत्राच्या बाजूने पाहिलं तर कार्यक्षमता वाढली आणि त्या वाढीव टक्क्यांत मजुराच्या ताटाशेजारचा पेला विरघळून गेला. कारखान्यात आम्ही याला वसुली म्हणतो. ती कुणाकडून होते, हे त्या तक्त्यात लिहिलेलं नसतं.

उलट दिशेची उदाहरणंही आहेत. जपानच्या किरिन कंपनीने १९९० मध्ये इचिबान शिबोरी नावाची बिअर आणली. नावाचा अर्थच पहिलं पिळणं. फक्त पहिला रस घेतो, धुवायचं पाणी वापरत नाही, हीच तिची जाहिरात. हॅरिसनच्या काळात जे मोठ्या घरचं होतं ते बाटलीत भरून सर्वांना विकायला काढलं. लंडनच्या फुलर्स ब्रुअरीने जुनी वाटणीही आधुनिक काळात चालवली: एकाच घाणीचे दाट आणि पातळ रस वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून तीन-चार वेगळ्या ताकदीच्या बिअर.

मला स्वतःला या इतिहासातून घरगुती ब्रुअरला द्यायचा सल्ला असा दिसतो. मोठ्या ब्रुअरीच्या टक्केवारीमागे लागू नका. ती टक्केवारी कराच्या आणि टनांच्या जगात जन्मली. तुमच्या वीस लिटरमध्ये तीन टक्के म्हणजे मूठ-दोन मूठ सातू. वजाबाकी करून पाणी ठरवा, त्याचे दोन भाग करा, १.०१० ला थांबा. आणि चोथा अजून गोड लागतच असेल, तर त्यावर थोडं पाणी घालून वेगळ्या भांड्यात पातळ रस काढा. त्या पाण्याला चारशे वर्षं स्वतःचं नाव होतं, स्वतःचे पिणारे होते. ते मोठ्या पिंपात ओढून घ्यायची गरज फक्त विकणाऱ्याला होती.